तात की तार?

छत्तीसगडातल्या अहिवारा गावाला लागून नंदिनीच्या खाणी आहेत. तिथली चुनखडी वीसेक किलोमीटरवरच्या भिलाईच्या झोतभट्ट्यांत जाते, लोखंडातला मळ काढते आणि त्या लोखंडाचे पोलाद होते. भिलाईच्या कारखान्यात रुळांबरोबर वायर रॉडही निघतो. वेटोळी करून पाठवतात ती बोटाएवढी जाड कांब म्हणजे तारेचा कच्चा माल. अहिवाऱ्याच्या पश्चिमेला, सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत, खैरागड आहे. १९५६ साली तिथल्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले आणि सुरुवातीच्या वर्षांत श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. म्हणजे या गावाच्या एका अंगाला पोलाद आहे आणि दुसऱ्या अंगाला तंबोरा. तंबोऱ्याची तार काही भिलाईची नसते. तिला जास्त कार्बनचे, फार निगुतीने ओढलेले पोलाद लागते आणि सतारीची बाजाची तार जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची असते. तरी या दोन अंगांच्या मध्ये उभे राहिले की एक प्रश्न पडतो. तो साधा आहे, पण त्याचे उत्तर कुठल्याही एका कागदात सापडत नाही. आपल्या तंतुवाद्यांवर पोलाद चढले कधी? आणि त्याआधी तिथे काय होते?

ऐकीव उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: पूर्वी तात होती, मग विलायती तार आली. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते ती तात, म्हणजे जनावराचे आतडे खरवडून, ओले असतानाच पीळ देऊन, ताणून वाळवलेली दोरी. हे उत्तर ऐकायला नीटनेटके आहे. कागद मात्र वेगळे सांगतात.

पहिला कागद आपल्याच अंगणातला आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात, साधारण १२१० ते १२४७ या काळात, शार्ङ्गदेव नावाचा श्रीकरणाधिप होता. त्याच्या हाती राज्याचे हिशेबखाते होते. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्याच सेवेत. हिशेबाच्या माणसाने संगीतावर ग्रंथ लिहिला की तो कसा होतो, हे ‘संगीतरत्नाकरा’च्या सहाव्या, म्हणजे वाद्याध्यायात दिसते. दांडी किती हात, भोपळ्याचे तोंड किती अंगुळे, लाकूड कोणते, हे सगळे मापून-मोजून दिलेले आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये कल्लिनाथाच्या टीकेसह हा ग्रंथ छापला आणि तेव्हापासून मराठी अभ्यासकाला तो घरबसल्या तपासता येतो.

शार्ङ्गदेव सुरुवात एकतंत्री वीणेपासून करतो. तीन हात लांब दांडी, एकच तंत्री, डाव्या हातात बांबूची कम्रिका, आणि ती तंत्रीवरून सरकवत स्वर काढायचे. पडदे नाहीत. तंत्री स्नायूची, गुळगुळीत आणि सर्वत्र सारखी असावी, असे तो सांगतो.

‘स्नायू’ या शब्दापाशी थांबले पाहिजे. आज आपण स्नायू म्हणतो ते मांस. जुन्या संस्कृतात हा शब्द शरीरातल्या दोरीसारख्या भागांना, म्हणजे कंडरांना आणि शिरांनाही लावलेला आढळतो. तीन हात दांडीला पुरेल एवढी लांब, एकसंध, सारख्या जाडीची दोरी कंडरेतून निघणे अवघड आणि आतड्यातून सहज निघते. म्हणून बहुतेक अभ्यासक इथे आतड्याची तात समजतात. मलाही तेच पटते. तरी हे अनुमान आहे, ग्रंथाचे वाक्य नाही, ही खूणगाठ बांधून पुढे जाऊ.

त्याच प्रकरणात एकतंत्रीच्या अंगांवर देवता बसवल्या आहेत. दांडी शंभू, तंत्री टेकते तो ककुभ विष्णू, त्यावरची पत्रिका लक्ष्मी, भोपळा ब्रह्मा, नाभी सरस्वती, बांधायचा दोरा वासुकी, आणि तंत्री उमा. या वीणेच्या दर्शनाने आणि स्पर्शाने ब्रह्महत्येसारखे पाप धुतले जाते, असेही म्हटले आहे. आतडे अपवित्र म्हणून आपल्याकडे तात मागे पडली आणि तार आली, असे कोणी सांगू लागले तर त्याला आधी या उताऱ्याशी सामना करावा लागेल. तेराव्या शतकातल्या देवगिरीत जनावराच्या शरीरातून काढलेली तंत्री साक्षात पार्वती होती. विटाळाचे कारण पुढच्या काळात कुठे घडले असेलही, पण मूळ ग्रंथात त्याचा मागमूस नाही.

आता ग्रंथाची पुढची पाने उलटा. आलापिनी वीणेसाठी शार्ङ्गदेव आतड्याची तंत्री सांगतो आणि मतांतर म्हणून रेशमाची किंवा कापसाच्या सुताचीही नोंदवतो. मग येते किन्नरी. तिला पडदे आहेत, गिधाडाच्या छातीच्या हाडाचे, मेणात जळक्या कापडाची राख कालवून दांडीवर पक्के बसवलेले. आणि तिची तंत्री लोहाची आहे, हत्तीच्या केसाएवढ्या जाडीची.

हा तपशील पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो. पोलादी तार विलायतेतून आली असे मानायचे, तर सिंघणाच्या दरबारात किन्नरीवर काय चढवले होते? इथेही एक बारीक गाठ आहे. संस्कृतात ‘लोह’ म्हणजे लोखंड, पण जुन्या वापरात कोणताही धातू, विशेषतः तांबे, यालाही लोह म्हणत. त्यामुळे ती तार लोखंडाची होती की तांब्या-काशाची, हे या एका शब्दावरून ठरत नाही. मात्र ती धातूची होती, यात संशयाला जागा उरत नाही. म्हणजे तेराव्या शतकातच, एका ग्रंथाच्या एका प्रकरणात, तात, रेशीम, सूत आणि धातू असे चारही पर्याय शेजारी शेजारी उभे आहेत. त्यात कोणी जुने नाही, कोणी नवे नाही. वाद्य बदलले की तंत्री बदलते, एवढेच.

ती का बदलते, हे शार्ङ्गदेव सांगत नाही. पण वाद्याची रचनाच थोडे बोलते. एकतंत्रीवर बांबूचा तुकडा सरकतो आणि तंत्रीला कठीण कडा कुठेच लागत नाही. किन्नरीवर बोट तंत्री दाबून हाडाच्या धारेवर टेकवते. ओढ देताना तात त्या धारेवर घासली तर तिचे पदर सुटू लागणार. धातूला तो त्रास नाही. युरोपातल्या ल्यूटवर तात होती आणि पडदेही होते, पण ते पडदे स्वतःच तातीचे असून दांडीला गुंडाळलेले असत. मऊवर मऊ. हाडाच्या पडद्यावर लोहाची तार, ही निवड मला कारागिराची वाटते, शास्त्रकाराची नाही. अर्थात हाही तर्कच आहे.

देवगिरीनंतर साडेतीनशे वर्षांनी अबुल फज्लची ‘आईन-इ-अकबरी’ येते. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला हा दरबारी दस्तऐवज. त्याचा तिसरा खंड जॅरेट यांनी १८९४ मध्ये इंग्रजीत आणला. त्यात वाद्यांची एक छोटी यादी आहे आणि ती आपल्या कामाची आहे, कारण अबुल फज्ल बऱ्याच ठिकाणी तंत्री कशाची हे सांगतो. यंत्र नावाच्या वाद्याला सोळा पडदे आणि पाच पोलादी तारा. अमृतीला एक पोलादी तार. रबाबाला आतड्याच्या सहा, काहींना बारा, काहींना अठरा. किंगरा वीणेसारखी, पण दोन तातींची. आणि सरमंडल, म्हणजे आजचे स्वरमंडल, एकवीस तंत्रींचे: काही पोलादाच्या, काही पितळेच्या, काही आतड्याच्या.

सरमंडलाची ही नोंद साऱ्या यादीत मोलाची आहे. एकाच वाद्यावर तीन द्रव्ये! तातीचा जमाना संपून तारेचा सुरू झाला असता तर असे वाद्य अस्तित्वात आलेच नसते. ते बनवणाऱ्याला तिन्हींचे गुण माहीत होते आणि खालच्या-वरच्या स्वरांसाठी तो त्यांतून निवड करत होता.

या यादीत एक सापळाही आहे. फारसीत ‘तार’ म्हणजे नुसता तंतू. तो रेशमाचा असो, लोखंडाचा असो. सेतार म्हणजे तीन तंतूंचे वाद्य, तीन धातूच्या तारांचे नव्हे. मराठीत तार म्हटले की धातूच डोळ्यांपुढे येतो. त्यातच संस्कृतातला ‘तार’ म्हणजे उंच स्वर, मंद्र-मध्य-तार यातला. तीन वेगळे अर्थ एका उच्चारात मिसळले आहेत. म्हणून जिथे द्रव्याचे विशेषण नाही, तिथे जुन्या मजकुरातल्या ‘तारा’ वाचून काहीही सिद्ध होत नाही. उलट, अबुल फज्लच्या ‘यंत्र’ या नावाने थोडी मौज होते. त्याचा अपभ्रंश जंतर. आणि सोनार ज्या छिद्रांच्या पट्टीतून तार ओढून बारीक करतो तिलाही जंत्री म्हणतात. दोन्ही ‘यंत्रा’चीच लेकरे. यातून इतिहास काढायचा मोह मी आवरतो.

दुसरा सापळा नावांचा. रत्नाकरातल्या किन्नरीला धातूची तंत्री होती, ‘आईन’मधल्या किंगऱ्याला तात. महाराष्ट्रात नाथपंथी डवरी गोसाव्यांच्या हातात आजही किंगरी आहे. नावाचे घराणे एकच दिसते, पण तंत्री मात्र कागदागणिक वेगळी. वाद्याचे नाव मिळाले म्हणून त्यावरून द्रव्य ठरवू नये, हा धडा मला या तीन नोंदींनी दिला. आमच्या छत्तीसगडच्या बाजूलाही तो लागू पडतो. मैकलच्या डोंगरांत, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात परधान गायक गोंडांच्या कथा गातात ते बाना या वाद्यावर. त्या परधानांवर १९४६ मध्ये पुस्तक लिहिले ते शामराव हिवाळे यांनी. बान्याच्या तीन तंत्री तातीच्याही नाहीत आणि धातूच्याही नाहीत. त्या घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या आणि गजही तशाच केसांचा. केसावर केस घासून निघणारा तो खरबरीत, खालचा आवाज ऐकला की ‘तात की तार’ हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो.

आता दख्खनकडे वळू, कारण तंबोऱ्याचा माग तिकडे जातो. विजापूरचा इब्राहिम आदिलशहा दुसरा (राज्यकाळ १५८० ते १६२७) आपल्या तंबुऱ्यावर इतका लोभ ठेवून होता की त्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते. ‘किताब-ए-नवरस’ या त्याच्या पदसंग्रहात ते नाव येते. फर्रुख बेगने रंगवलेले, तंबूर वाजवणाऱ्या इब्राहिमचे चित्र आज प्रागच्या नाप्रस्टेक संग्रहालयात आहे. पुढे वाद्यांसाठी नावाजली ती मिरज त्या काळी आदिलशाहीतच होती. एवढा जवळचा पुरावा, राजाचे वाद्य, वाद्याचे नाव, वाद्याचे चित्र. आणि तरीही आपल्या प्रश्नाला तो मुका आहे. कुंचल्याने ओढलेली रेघ पोलादाची की तातीची, हे कोण सांगणार? शिवाय हा तंबूर मांडीवर आडवा धरून वाजवायचा, उभ्या तंबोऱ्याहून वेगळा. चित्रावरून वाद्याचा घाट मिळतो. तंत्री मिळत नाही.

वस्तुसंग्रहालयांतली वाद्ये तर याहून फसवी. सौरींद्र मोहन टागोरांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला पाठवलेली भारतीय वाद्ये ब्रसेल्सला आहेत. पुण्यात केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन आहे. पण वाद्याचा सर्वांत अल्पायुषी अवयव म्हणजे तंत्री. भोपळा दीडशे वर्षे टिकेल, तार दीड वर्षही टिकत नाही. काचेआडच्या वाद्यावर दिसते ती शेवटच्या मालकाने किंवा मांडणी करणाऱ्याने चढवलेली. त्यातल्या त्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे खुंट्यांची भोके आणि घोडीवरच्या खाचा. जाड तातीची खाच रुंद आणि उथळ, बारीक तारेची अरुंद आणि खोल. वाद्ये पाहायला जाल तेव्हा तारांकडे नंतर पाहा, आधी खाचांकडे पाहा.

युरोपात हे दस्तऐवजांचे दारिद्र्य नाही, आणि थोडा मत्सर वाटावा अशीच तिथली स्थिती आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला गायक-वादक टॉमस मेस याने १६७६ मध्ये छापलेल्या ग्रंथात ल्यूटसाठी कोणती तात कुठे लावावी हे दुकानात उभे राहून सांगावे तसे सांगितले आहे: वरच्या स्वरांना मिनिकिन, मधल्यांना व्हेनिसच्या कॅटलिन, खर्जाला लायन्स किंवा पिस्टॉय. त्याआधी १६६४ मध्ये जॉन प्लेफर्डने तातीवर बारीक धातूची तार गुंडाळण्याच्या नव्या युक्तीची छापील वार्ता दिली. आपल्याकडे अशी खरेदीची टिपणे पुस्तकात आली नाहीत. ती गुरूकडून शिष्याकडे तोंडी गेली, किंवा वाण्याच्या वहीत राहिली.

त्यामुळे पुढचा भक्कम पुरावा मिळायला १८३४ उजाडते. कॅप्टन एन. ऑगस्टस विलर्ड यांचे हिंदुस्थानी संगीतावरचे पुस्तक त्या वर्षी कलकत्त्याला निघाले. विलर्ड बांद्याच्या नबाबाच्या फौजेत होते आणि बांद्याचे नबाब म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या समशेर बहादराचा वंश. मराठी वाचकाला हा धागा सुखावेल. विलर्ड सतारीच्या तीन तारा नोंदवतात: एक पोलादाची, दोन पितळेच्या. पितळेच्या दोन्ही एका स्वरात, पोलादाची त्यांच्याहून मध्यमाइतकी उंच. रबाब मात्र अजून तातीवरच आहे. १८३४ हे साल लक्षात ठेवा. बर्मिंगहॅमच्या हॉर्सफॉलने पियानोसाठी नव्या रीतीची चिवट पोलादी तार काढली ती १८५० च्या दशकात. म्हणजे सतारीवरचे पोलाद त्या विलायती तारेआधीचे. ते कुठल्या भट्टीतले, कोणत्या तारकशाने ओढलेले, हे विलर्ड लिहीत नाहीत.

उंच स्वराला पोलाद आणि खालच्याला पितळ, हीच वाटणी का? इथे थोडे गणित करून पाहू; त्याचा पाया फ्रान्सच्या मर्सेनने १६३६ मध्ये घातला. तंत्रीची लांबी आणि स्वर ठरले की तिच्या दर चौरस मिलिमीटरवर किती ताण येईल ते फक्त द्रव्याच्या घनतेवर ठरते. तंत्री जाड की बारीक, याने ते बदलत नाही. नव्वद सेंटिमीटर लांब तारेचा पुरुषी तंबोरा घ्या, जोड (मधल्या दोन तारा) काळी एकच्या षड्जात, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने. पोलादावर दर चौरस मिलिमीटरला साधारण ५० किलोचा ताण येतो, पितळेवर ५४ चा, तातीवर अवघा आठ किलोचा. आजची वाद्याची पोलादी तार दोनशेहून अधिक सहज सोसते. जुनी लोखंडी तार ऐंशी-शंभरापर्यंत टिकत असावी. कठीण ओढलेली पितळ साठ ते ऐंशीला तुटते आणि तात तिसाच्या आसपास. म्हणजे जोडीच्या स्वरात पितळ तुटण्याच्या उंबरठ्यावर असते, पोलाद निवांत. खर्जात स्वर निम्मा, म्हणून ताण चौथाई: पितळेवर साडेतेरा किलो, छान. तातीवर दोन किलो, म्हणजे ती लोंबणार. तिला पितळेइतके ताठ करायचे तर अडीचपट जाड करावी लागेल, आणि जाड तात बद्द वाजते.

या हिशेबातून हाती एक अनपेक्षित गोष्ट लागते. उंच स्वरासाठी तात अजिबात वाईट नाही. सारंगीच्या तीन मुख्य तंत्री आजही बकऱ्याच्या आतड्याच्या आहेत आणि त्यांच्याखाली नुसत्या अनुनादाने वाजणाऱ्या तरफा धातूच्या. तात हरते ती खर्जात. आणि तंबोऱ्याचा सगळा संसार खर्जावर आहे.

तंबोऱ्यावर धातू येण्याचे दुसरे कारण घोडीपाशी आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती. तार तिच्या पाठीला लागून-न लागून थरथरते आणि तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकवला की जवारी, म्हणजे तो झणझणता नाद, खुलते. शार्ङ्गदेवाच्या एकतंत्रीलाही पत्रिका आणि तंत्री यांच्यामध्ये बांबूची ‘जीवा’ होती. आजच्या दोऱ्याची ती पणजी म्हणावी, असा मोह होतो आणि तो निराधार नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या टिपणात दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडली तिथे जे उपस्वर शास्त्राप्रमाणे उमटायलाच नकोत, तेही वीणेत आणि तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात आणि त्याला घोडी कारण आहे. हे उंच उपस्वर टिकायचे तर तंत्री कठीण हवी. तात आतल्या आतच ते गिळून टाकते. एकतंत्रीवर जीवा असतानाही तात होती, हा माझ्या तर्कातला अडसर आहे, आणि तो मी लपवत नाही. तिथे जवारी असेल तर ती आजच्याइतकी लांब टिकणारी नसावी, एवढेच म्हणता येते.

तातीऐवजी पोलाद चढवल्याची बोलकी हकीकत सरोदाची आहे. रबाबाच्या लाकडी पाटीवर धातूचा पत्रा बसवून तातीच्या जागी तारा लावल्या त्या नियामतुल्ला खाँ यांनी, १८६० च्या दशकात, असे त्यांचे घराणे सांगते. बंगश घराणे तोच मान आपल्या पूर्वजांना देते. दोन्ही दाव्यांतला सामाईक भाग तेवढा मी घेतो: एकोणिसाव्या शतकात, विलर्ड यांनी तातीवर पाहिलेल्या रबाबाच्या वंशात तार आली.

मिरजेचा कारखानाही याच शतकातला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने शतकाच्या मध्यास तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या, ही परंपरा. तलवारीची गिऱ्हाईके संपली आणि लोखंडाशी सलगी असलेले हात लाकडाकडे वळले, ही कथा इतकी सुरेख आहे की तिच्याबद्दल सावध राहावेसे वाटते. तरी शिकलगार आडनाव, मिरज आणि तंबोरा ही साखळी आजही डोळ्यांसमोर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा तर याच भागातला. तार तेवढी बाहेरून येते.

दख्खनच्या तंबोऱ्यावर कोणती तार होती, हे निःसंदिग्धपणे छापले ते कॅप्टन चार्ल्स रसेल डे यांनी, १८९१ मध्ये, दक्षिण भारत आणि दख्खनच्या वाद्यांवरच्या आपल्या ग्रंथात. चार तारा, तीन पोलादाच्या, एक पितळेची. आज मिरजेच्या दुकानात पुरुषी तंबोऱ्याची पहिली तारही पुष्कळदा पितळेची किंवा काशाची मिळते, पण मूळ बेत तोच: जोड पोलादाची, खर्ज पितळेचा. गणितानेही हेच सांगितले होते. 

तेव्हा निकाल असा. धातूची तंत्री आपल्याकडे तेराव्या शतकात होती, हे निश्चित. देवगिरीची नोंद आहे. पोलाद आणि पितळ यांची स्वरानुसार वाटणी १८३४ च्या आधी रूढ होती, हेही निश्चित. तात हटली ती विटाळाने, याला आधार नाही. खर्जाने आणि जवारीने तंबोऱ्यावर धातू आणला, हे संभवनीय. आणि उभ्या तंबोऱ्यावर कधी काळी तात होतीच का, हा प्रश्न खुला. मोतीखानापासून डे यांच्या ग्रंथापर्यंतची जवळजवळ तीनशे वर्षे अजून रिकामी आहेत.

ती भरली तर ग्रंथांनी भरणार नाहीत, किरकोळ कागदांनी भरतील. संस्थानांच्या खर्चाच्या वह्या, देवस्थानांच्या जमाखर्चातली कीर्तनाच्या साहित्याची कलमे, पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या कलावंतांच्या नेमणुका. यांत कुठे ‘तारा पितळी’ किंवा ‘तात’ असे दोन शब्द आणि पुढे वजन व किंमत लिहिलेली असेल. मोडी वाचणाऱ्यांनी असे कलम दिसले तर ते ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नये. आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा तंबोरा गवसणीत पडून आहे, त्यांनी तो दुरुस्तीला देण्याआधी घोडीचा फोटो अगदी जवळून काढावा, आणि गवसणीच्या खिशात तारेचे जुने भेंडोळे किंवा तुटका तुकडा सापडला तर तो कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, जपून ठेवावा.